मुंबईच्या बागकामाला लोडर घ्यावा की एकचाकी?



गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही नावे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना गिरणी आठवेल. घरटी एक माणूस मुंबईला, त्याची मनिऑर्डर आली की बी-खताची सोय, असा काळ आपल्या मागच्या पिढीने काढला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि ती वाट बंद झाली. आता काही घरांतली मुले दुसऱ्या वाटेने त्याच मुंबईला जाऊ लागली आहेत. कोणी कृषी पदविका घेतलेला, कोणाची घरची रोपवाटिका, कोणी नुसताच कष्टाला वाघ. तिथल्या सोसायट्यांच्या, जुन्या बंगल्यांच्या, चाळींच्या अंगणातल्या बागा करून देण्याची कामे ही मुले घेतात. रोपे, शेणखत, लाल माती आपल्याकडून नेतात. कामाला मान आहे आणि पैसाही बरा सुटतो. मग दोन-चार कामे हातावेगळी झाली की घरात विषय निघतो, की मजूर मिळत नाहीत, एक छोटा लोडर घेऊन टाकू.

हा प्रश्न घेऊन अनेक बापलेक माझ्यासमोर बसून गेले आहेत. हातात यंत्राचे गुळगुळीत कागदावरचे रंगीत पत्रक, आणि दुसऱ्या हातात सातबारा. पत्रकातले यंत्र हिरव्यागार मोकळ्या मैदानावर उभे असते. गिरगावच्या बोळात त्याचा फोटो काढलेला मी अजून पाहिला नाही.

'कोणता लोडर चांगला' हे ठरवण्याआधी चार गोष्टी कागदावर मांडाव्या लागतात. माती किती उचलायची, ती कोठून कोठे न्यायची, वाटेतली सर्वांत अरुंद जागा किती फूट आहे, आणि फाटकाशी येऊन उभी राहणारी गाडी कोणती आहे. या चार गोष्टी मांडल्या की साधन आपोआप ठरते. पुष्कळदा ते साधन म्हणजे काही हजारांत मिळणारी एकचाकी ढकलगाडी निघते. सातबारा पुन्हा पेटीत जातो आणि घरातल्या बाईचा जीव भांड्यात पडतो.

आधी माती मोजा

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या मागच्या अंगणात २० फूट रुंद आणि ३० फूट लांब असा तुकडा बागेसाठी करायचा आहे. वरच्या फूटभर थरात विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीच्या कपऱ्या असे काय काय भरलेले आहे. ते काढून चांगली माती भरायची. खणण्याआधी हे झाले ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. पण घट्ट जमीन खणली की फुगते, हे विहिरीचे काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. पावपट वाढ धरली तर ढीग होतो साडेसात ब्रासचा. नवखा कंत्राटदार सहा ब्रासचा दर सांगून बसतो आणि वरचा दीड ब्रास पदरच्या पैशाने वाहतो.

एक ब्रास सुट्या मातीचे वजन, ओल किती आहे त्याप्रमाणे, साडेतीन ते साडेचार टन भरते. म्हणजे एवढ्याशा बागेतून २७-२८ टन माल बाहेर काढायचा, आणि जवळजवळ तितकाच पुन्हा आत न्यायचा.

आता घमेल्याचा हिशेब. एका ब्रासला सुमारे २०० घमेली लागतात, तेव्हा साडेसात ब्रासची झाली १५००. फाटक ८० फुटांवर असेल तर उचलणे, चालणे, ओतणे, परतणे याला दोन-अडीच मिनिटे जातात. दिवसाचे सहा तास खरे काम धरले तर एका माणसाच्या दीडशे खेपा होतात. असे दहा दिवस नुसत्या वाहण्याला, आणि भरून देणारे वेगळे. एका घमेल्यात १८ किलोच्या आसपास माती असते. म्हणजे एका दिवसात पावणेतीन टन माती एका डोक्यावरून जाते, आणि ते डोके बहुतेक वेळा बाईचे असते. मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्याने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

एकचाकीत तीन घनफूट माती, म्हणजे सहा घमेली, आरामात बसते. खेपा उरल्या २५०. दोन एकचाक्या ठेवल्या, एक भरली जात असताना दुसरी चालती राहिली, तर चार माणसे हे काम दोन दिवसांत उरकतात. खणाई वेगळी धरा. वजन चाकावर येते, मानेवर येत नाही. फक्त हवेचे चाक असलेली घ्यावी, आणि वाट उखडलेली असेल तर खाली फळ्या टाकाव्यात. फळ्यांची अडचण वाटते, पण फळीवरून जाणारी एकचाकी आणि मातीत रुतणारी एकचाकी यांत दुपारनंतर फार फरक पडतो.

आणि लोडर? लहान लोडरच्या बकेटात सात घनफूट माती येते. १०७ खेपा, खेपेला अडीच मिनिटे, साडेचार तासांत अंगण मोकळे! तरुण माणूस इथे हरखतो. पण ती माती टाकायची कशात?

बोळात जर फक्त 'छोटा हत्ती' येत असेल, तर त्याची ताकद पाऊण टनाच्या आसपास. २८ टनांना ३७ खेपा. लोडर तीन बकेटांत, आठ मिनिटांत ती गाडी भरतो, आणि गाडी राडारोडा टाकून मुंबईच्या गर्दीतून परत येईपर्यंत उभा राहतो. भाडे मात्र घड्याळावर चालू. अशा ठिकाणी अडतो तो गाडीवर, आणि लोडर कितीही चपळ आणला तरी काम मुंगीच्याच पावलाने चालते. दोन ब्रासचा टिपर फाटकापर्यंत येत असेल तर चार खेपांत काम होते. तिथे लोडरला अर्थ आहे.

त्यातही एक मेख आहे, आणि पत्रकात ती बारीक अक्षरात असते. लोडर माती किती उंचीवर ओतू शकतो ते पाहावे. अगदी लहान लोडर सुमारे सहा फूट उंचीपर्यंत ओततो. टिपरची फळी त्याहून उंच असली तर सगळे मुसळ केरात. म्हणजे जो लोडर अरुंद वाटेने आत जाऊ शकतो तो मोठी गाडी भरू शकत नाही, आणि जो मोठी गाडी भरतो तो आत जात नाही.

गिरगावची वाट

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही गिरगावातल्या वाड्यांची नावे. शेतकऱ्याला या नावांचा अर्थ सांगायला नको. एके काळी या बागायती होत्या. आता नावे उरली आणि मधे चाळी उभ्या राहिल्या. खोताची वाडी तर जुन्या लाकडी घरांमुळे प्रसिद्धच आहे. या भागात बागकाम म्हणजे चौकातले तुळशीवृंदावन, भिंतीकडेचे दोन वाफे, कोणाच्या व्हरांड्यापुढच्या कुंड्या, एखादे नारळाचे आळे. माती असते एक-दोन ब्रास. आणि वाट अशी, की समोरून माणूस आला तर आपण अंग चोरावे.

सर्वांत लहान बैठकीचा लोडर साधारण तीन फूट रुंद असतो. पण तीन फुटांच्या यंत्राला तीन फुटांची वाट पुरत नाही. चार फूट तरी हवीत. शिवाय बकेटसह तो आठ फूट लांब, तेव्हा चार फुटी बोळातून काटकोनात वळून दुसऱ्या चार फुटी बोळात शिरणे त्याला जमत नाही. भाड्याने सहज मिळणारे लोडर त्याहून मोठे, साडेचार ते सहा फूट रुंद. आणि ज्याला आपण सगळे जेसीबी म्हणतो तो सात फुटांहून रुंद, साडेसात टनांच्या आसपास. तो वाडीच्या तोंडाशी उभा राहील, आत येणार नाही.

रुंदीपेक्षाही मला भीती वाटते ती जमिनीखाली काय आहे याची. जुन्या मुंबईत घरोघर, वाडीवाडीत विहिरी होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या भीतीने त्यांतल्या पुष्कळ बुजवल्या गेल्या किंवा वरून झाकल्या गेल्या. आज वर फरशी दिसते, मुले खेळतात, खाली काय आहे ते वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीलाच ठाऊक. माणसाचे वजन पेललेले झाकण सव्वा टनाचे यंत्र आणि वर तीनशे किलोची बकेट पेलेल असे कोणी सांगावे? तीच गोष्ट सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची. काम घेताना सचिवाला नुसता दर सांगून येऊ नका. वाडीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशाकडे बसा, चहा घ्या, आणि विहीर कोठे होती ते विचारा. बेस्टची वीजवाहिनी, पाण्याचा नळ, गॅसची नळी कोठून जाते तेही विचारा, आणि पहिला हातभर चर कुदळीने न खणता फावड्याने हलक्या हाताने घ्या.

गिरगावच्या कामाला माझे उत्तर एकच आहे. दोन एकचाक्या, चार फळ्या, जाड गोण्या आणि फाटकाबाहेर हातगाडी. इथे माणूसच लागणार, तेव्हा त्याची मजुरी धरूनच दर सांगावा. १९६९ चा माथाडी कायदा याच मुंबईत ओझी वाहणाऱ्या, सातारा-पुण्याकडून गेलेल्या आपल्याच माणसांच्या लढ्यातून आला. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील होते. त्या लोकांची मुले-नातवंडे आता आपल्याकडे कंत्राट मागतात, तेव्हा ओझ्याचा दाम कापून धंदा करू नये असे मला वाटते.

दादरची झाडे

दादरला चित्र बदलते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार मंडळ नेमले गेले. त्याने दाट वस्ती फोडण्यासाठी दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती आखल्या. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी त्यांतल्याच. पारशी कॉलनीचे मंचेरजी जोशी यांनी रस्त्यांच्या कडेला झाडे लावून घेतली, त्यांची सावली आजही आहे. इमारतीभोवती मोकळी जागा, फाटक मोठे, रस्त्यावर टिपर उभा राहतो. इथे दोन-तीन दिवस लहान लोडर भाड्याने आणणे परवडते.

पण इथे दुसरा धोका आहे, आणि तो आपला, म्हणजे मातीचा विषय आहे.

लोडर वळतो कसा ते आधी पाहा. त्याची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाके थांबतात आणि दुसऱ्या बाजूची फिरतात. बैलगाडी जागच्या जागी वळवताना एक बैल उभा करून दुसरा फिरवतो ना, तसेच. यामुळे तो कमी जागेत वळतो, पण वळताना चाके जमीन खरवडतात. फरसबंदीचे ठोकळे हलतात, हिरवळ मुळासकट निघते. म्हणून सोसायटीच्या अंगणात त्याला सरळ जाऊ द्यावे, लांबून वळवावे, जागच्या जागी गिरकी घेऊ देऊ नये. वळायच्या ठिकाणी जाड प्लायवुड अंथरावे.

त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की काय होते ते तुम्ही जाणता. वाफसा नसताना चाक फिरले की माती दाबून बसते, तिच्यातली हवा निघून जाते, पाणी मुरत नाही, आणि पुढचे पीक त्या चाकोरीत पिवळे पडते. सगळ्यांत जास्त दाब पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच बसतो. 'एकदाच तर जायचे आहे' या म्हणण्याला काही अर्थ नाही. शेतात नांगरून ती चूक निस्तरता येते. पन्नास-साठ वर्षांच्या झाडाखाली नांगर कसा चालवणार? झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या एक-दोन फुटांतच पसरलेली असतात. त्यांच्यावर आज लोडर फिरला तर झाड आज काही बोलत नाही. दोन पावसाळ्यांनी शेंडा वाळू लागतो, आणि तोपर्यंत कंत्राटदार बिल घेऊन गेलेला असतो.

म्हणून झाडाची फांदी जेथपर्यंत पसरली आहे तेथपर्यंत यंत्र नेऊ नये. त्या आतले काम फावड्याने आणि एकचाकीने. वाटच झाडाखालून असेल तर लाकडाच्या भुशाचा किंवा पालापाचोळ्याचा जाड थर घालून त्यावर फळ्या टाकाव्यात आणि एकाच वाटेने जा-ये करावी. बुंध्याभोवती माती चढवू नये. सोसायटीवाले 'सारखे करून द्या' म्हणतात, तरी ऐकू नये. राज्याचा १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे नुसते कापणे नव्हे, झाडाला इजा करणेही त्यातच येते. मूळ तोडण्याची वेळ आली तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारावे.

परळ-लालबागचे गच्चीवरचे बगीचे

गिरण्यांच्या जमिनीवर आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या बागा पुष्कळदा जमिनीवर नसतातच. खाली तीन-चार मजले मोटारी उभ्या राहतात आणि त्यांच्या वरच्या स्लॅबवर बाग असते. बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही. अशा ठिकाणी यंत्राची रुंदी बाजूला राहते आणि वजन पुढे येते.

या छोट्या लोडरचा जन्मच याच अडचणीतून झाला आहे, म्हणून ती हकीकत सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या खेड्यात लुई आणि सिरिल केलर हे दोघे भाऊ शेती अवजारांच्या दुरुस्तीचे दुकान चालवीत. जवळच्या एका शेतकऱ्याचा टर्की पक्ष्यांचा दुमजली कोठा होता. टर्की म्हणजे कोंबडीचा थोरला भाऊ. त्या कोठ्यातली विष्ठा उपसायला त्याला यंत्र हवे होते, आणि त्याच्या अटी दोनच: खांबांच्या मधून जाईल इतके लहान, आणि वरच्या मजल्याची जमीन तोलेल इतके हलके. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचा लोडर करून दिला. पुढच्याच वर्षी मेलरो नावाच्या कंपनीने तो हक्क घेतला, १९६० मध्ये त्याला चौथे चाक आले, आणि १९६२ मध्ये 'बॉबकॅट' हे नाव पडले. आज कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला बॉबकॅटच म्हणतात. शेणखत उपसायला जन्मलेले हे यंत्र, म्हणजे आपल्याच गोतातले! पण ते ज्याच्यासाठी केले त्या शेतकऱ्याने आधी खांबांमधले अंतर आणि जमिनीची ताकद सांगितली, मग यंत्र झाले, एवढे लक्षात असू द्या.

भरलेला लोडर आपले वजन चारही चाकांवर सारखे टाकत नाही. बकेट भरली की बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो. स्लॅबला तो दोन ठिकाणी टोचतो. म्हणून इमारतीच्या अभियंत्याचे लेखी पत्र असल्याशिवाय स्लॅबवर यंत्र चढवू नये. तोंडी 'चालेल हो' याला किंमत नाही. बहुतेक ठिकाणी पत्र मिळणारच नाही. मग माल गोण्यांतून, सामानाच्या लिफ्टने, चाकाच्या ट्रॉलीवरून न्यायचा. मातीच जड असल्यामुळे तिथे निम्म्याहून अधिक कोकोपीट, गांडूळखत असे हलके मिश्रण भरतात. स्लॅबवर ढीग एकाच जागी साचवू नये, आणलेली गोणी लगेच पसरावी. या कामाला लोडरपेक्षा गोण्या शिवायचे यंत्र अधिक उपयोगी पडेल असे मी एकाला म्हणालो होतो. तो हसला, पण त्याने ते खरोखर घेतले.

हप्ता किती, दिवस किती

आता पैशाचे बोलू. आकडे नुसते समजुतीसाठी धरा, तुमचे तुम्ही घाला. समजा यंत्रासाठी १२ लाखांचे कर्ज काढले, दर साल दर शेकडा ११ टक्के, मुदत चार वर्षे. महिन्याचा हप्ता येतो ३१ हजार रुपये, वर्षाचे ३ लाख ७२ हजार. डिझेल, चालक, दुरुस्ती, ने-आण जाऊन दिवसाला अडीच हजार सुटतात असे धरू. नुसता हप्ता भागायला वर्षाकाठी १४९ दिवस काम हवे. पावसाचे चार महिने माती हलवण्याचे काम जवळजवळ बंदच. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला १९ दिवस. एका लहान बागेला यंत्र लागते एक किंवा दोन दिवस. म्हणजे वर्षाला पाऊणशे ते दीडशे बागा हव्यात, आणि त्याही अशा, की जिथे यंत्र आत जाते, गाडी जवळ येते आणि खाली विहीर-टाकी नाही. तुमच्या मुलाने गेल्या वर्षी किती बागा केल्या? त्यातल्या कितींना लोडर आत गेला असता? हे दोन प्रश्न रात्री जेवणानंतर, घरातल्या बायकांनाही बसवून विचारा. दागिने त्यांचे आहेत.

आणखी एक खर्च लोक विसरतात. सव्वा टनाचे यंत्र 'छोट्या हत्ती'त घालता येत नाही. त्याची ताकद तेवढी नाही. मोठा टेंपो, चढवायला-उतरवायला मजबूत उतरण्या आणि तो उभा करायला रस्ता हवा. रात्री यंत्र ठेवायचे कोठे, हा मुंबईत लाखाचा प्रश्न आहे. घरचा ट्रॅक्टर आणि पुढे लोडर लावून नेऊ, असेही काही म्हणतात. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याच्या कामाला लावणे नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी हात वर होतात.

माझे मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षे एकचाक्या स्वतःच्या आणि लोडर भाड्याचा. एकचाकी बागेचे काम नसेल तेव्हा घरच्या गोठ्यात शेण काढते. तिचा हप्ता नसतो. कामाचे दिवस वहीत लिहीत जा. भाड्याचेच दिवस वर्षाला सव्वाशे-दीडशेच्या पुढे जाऊ लागले, तर मग खुशाल बँकेत जा. तेव्हा ती वहीच तुमची बाजू मांडेल.

भाड्याने घेताना

भाड्याने आणताना 'बॉबकॅट पाठवा' एवढे सांगून भागत नाही. रुंदी, रिकामे वजन, ओतण्याची उंची आणि किती किलो उचलण्याची परवानगी आहे ते विचारा. या शेवटच्या आकड्याला अर्थ आहे: चाकांचा लोडर ज्या वजनाला पुढे कलंडतो त्याच्या निम्मे वजन त्याला परवानगीचे धरतात, पट्ट्यांच्या लोडरला शंभरास पस्तीस. म्हणजे यंत्र उचलते म्हणून भरत सुटायचे नाही. सुक्या मातीची सात घनफुटी बकेट २६० किलो, ओली तीच ३०० च्या पुढे. चालक बसल्यावर पुढची आडवी दांडी लावतोच हे पाहा. बकेट वर उचललेली असताना तिच्याखाली कोणी जायचे नाही, चालकानेही उतरायचे नाही. उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे ठेवावी: भरलेले असताना तोंड चढाकडे, रिकामे असताना पाठ चढाकडे. चाळीच्या चौकात पोरे मागे धावतात आणि चालकाला मागचे दिसत नाही. एक माणूस नुसता पोरांवर नजर ठेवायला लावा, त्याची मजुरी वाया जात नाही.

राडारोडा कोठेही, खाडीत किंवा रस्त्याकडेला टाकू नये. २०१६ पासून त्याला वेगळे नियम आले आहेत, आणि तो उचलून नेण्याची महापालिकेची सेवाही आहे. चौकशी विभाग कार्यालयात करावी: गिरगावसाठी डी विभाग, परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पूर्वेच्या पारशी कॉलनीसाठी एफ उत्तर, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर. गावाकडून माती भरून नेताना गौण खनिजाचा वाहतूक परवाना तहसील कार्यालयातून घ्यायला विसरू नका. वाटेत गाडी अडली तर दिवसभराची मजुरी बसून जाते.

वेळेचेही एक कोडे आहे. दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना दिवसाच्या ठरावीक वेळेत बंदी असते, म्हणून टिपर रात्री किंवा पहाटे येतो. आणि रात्री १० ते सकाळी ६ यंत्राचा आवाज वस्तीत चालत नाही. म्हणजे माती येते रात्री आणि उचलायची सकाळी. मधल्या वेळात ढीग ठेवायला अंगणात जागा हवी. रस्त्यावर टाकला तर दंड. स्थानिक वाहतूक चौकीत आधी वेळा विचारून घ्याव्यात आणि मगच गाडी सांगावी.

मुंबईला पाऊस साधारण ११ जूनला धरतात. मातीचे काम मेच्या मध्यापर्यंत संपले पाहिजे. परळ-दादरच्या सखल भागात, हिंदमाताच्या आसपास, पाणी तुंबले की सुटी माती गटारात जाते. लावणी मात्र पहिल्या पावसानंतर खुशाल करावी. लालबाग-गिरगावात गणपतीच्या आधी मांडव पडू लागले की विसर्जन होईपर्यंत एकचाकीसुद्धा चालवण्याची आशा धरू नये. ते दिवस गावी भातात घालवावेत.

आणि पहिल्या भेटीला जाताना मोजपट्टी बरोबर असावी. फाटकाचे माप खांबापासून खांबापर्यंत घेऊ नका. फाटक पूर्ण उघडून, उघडलेल्या पल्ल्याच्या आतून घ्या. बिजागरी आणि कडी-कोयंडा मिळून चार बोटे तिथेच जातात.